डासाचा फलाहार : तापाच्या इतिहासातील एक वगळलेले पान

'डास रक्त पितो' हे वाक्य मराठीत इतके रुळले आहे की त्यात दडलेली दोन अर्धसत्ये आपल्या ध्यानात येत नाहीत. पहिले व्याकरणाचे आहे. 'डास' हा शब्द पुल्लिंगी, पण चावणारी असते ती केवळ मादी. नराच्या सोंडेत कातडी भेदण्याची शक्तीच नसते. दुसरे अर्धसत्य आहाराचे. मादी रक्त शोषते ते मुख्यतः अंडी पोसण्यासाठी. उडण्यासाठी, जगण्यासाठी, हिवाळ्या-उन्हाळ्याचे दिवस काढण्यासाठी लागणारी शक्ती नर आणि मादी दोघेही वनस्पतींच्या साखरेतून मिळवतात. फुलातील मकरंद, पिकून फुटलेल्या फळाचा रस, देठातून पाझरणारा गोडवा, मावा आणि तुडतुडे पानांवर सोडतात तो चिकट स्राव, हे डासाचे नित्याचे अन्न आहे. निसर्गाने या दोन आहारांची सोयसुद्धा वेगळी केली आहे. रक्त थेट जठरात जाते, तर साखरेचा रस आधी पोटातील एका वेगळ्या पिशवीत साठतो आणि गरजेप्रमाणे थोडा थोडा पुढे सोडला जातो.

ही माहिती कीटकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडते. हिवतापाच्या इतिहासात मात्र ती क्वचितच डोकावते. हा इतिहास आपण दोन द्रवांच्या आधारे लिहिला आहे : एक पाणी, दुसरे रक्त. डबकी, विहिरी, गटारे आणि टाक्या हे त्याचे भूगोलशास्त्र; सुई, काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक ही त्याची साधने. तिसरा द्रव, म्हणजे वनस्पतींचा रस, या कथनातून गळून पडला. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांच्या संदर्भात हे गळलेले पान पुन्हा जागेवर ठेवून पाहावे, असा आमचा या लेखातील प्रयत्न आहे.

आपल्या परंपरेत वनस्पती आणि डास यांचे नाते अगदीच अज्ञात नव्हते. ते ओळखले गेले ते वैराचे नाते म्हणून. तिन्हीसांजेला कडुनिंबाच्या पाल्याची धुरी करणे ही कोकणातील आणि देशावरील घराघरांतील रीत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात मशकांचे पाच प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील 'पार्वतीय' मशकाचा दंश प्राणघातक कीटकांच्या दंशासारखा मानला आहे. या उल्लेखावरून प्राचीनांना हिवतापाचे कारण ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण दंशाची वेदना सांगणे वेगळे आणि रोगाचा संचार सांगणे वेगळे. परंतु डासांकडे बारकाईने पाहणारी नजर तेथे होती, एवढे निश्चित.

मुंबईच्या इतिहासात या वैराच्या नात्याचा एक गमतीदार दाखला आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया गार्डनशी, म्हणजे आपल्या राणीच्या बागेशी, निगडित असलेले सर जॉर्ज बर्डवुड यांनी १९०३ साली लंडनच्या 'टाइम्स'ला एक पत्र लिहिले. बाग आखली जात असताना तेथील माणसांना डासांनी सळो की पळो करून सोडले होते, हिंदू व्यवस्थापकांच्या सांगण्यावरून बागेच्या कडेने तुळस लावली आणि डासांचा व तापाचा उपद्रव शमला, असा त्या पत्राचा आशय होता. अंगणात नुसती उभी असलेली तुळस डासांना पळवून लावते हे शास्त्राने मान्य केलेले नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच आहे. बर्डवुड आणि त्यांचे व्यवस्थापक या दोघांच्याही मनात वनस्पती होती ती रक्षक म्हणून. पुढेही हिवतापाच्या कथेत वनस्पती आली ती तारणहाराच्याच भूमिकेत : सिंकोनाच्या सालीतून निघालेले कोयनेल, शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारे पायरेथ्रम, आणि ज्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते आर्टेमिसिनिन. याच वनस्पतींच्या राज्यातून शत्रूलाही शिधा मिळत असतो, ही शक्यता कथेच्या चौकटीत बसणारी नव्हती.

आणि तरीही या शास्त्राच्या अगदी आरंभी, एका निर्णायक वळणावर, डासाच्या फलाहारानेच वाट दाखवली होती. पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ च्या सुमारास चीनमधील अमॉय बंदरात हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींचा मागोवा घेतला. रुग्णाचे रक्त प्यालेल्या डासाच्या शरीरात हे कृमी वाढतात, हे त्यांनी दाखवले. एखादा परजीवी एका कीटकाच्या शरीरात आपल्या आयुष्याची एक अवस्था काढतो, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. पण पुढची पायरी त्यांना चुकली. मादी एकदाच रक्त पिते, पाण्यावर अंडी घालते आणि काही दिवसांत तेथेच मरते, अशी त्यांची समजूत होती. एकदाच चावणारा प्राणी रोग दुसऱ्याला कसा देणार? म्हणून त्यांनी तर्क केला की कृमी मेलेल्या डासातून पाण्यात उतरत असावेत आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होत असावा. हा तर्क पुढे हिवतापालाही लावला गेला. मॅन्सन यांचे शिष्य रोनाल्ड रॉस यांनी १८९५ साली सिकंदराबादेत डास मेलेले पाणी काही माणसांना पाजून पाहिले होते, ते याच समजुतीपोटी.

ही गाठ सोडवली ती ऑस्ट्रेलियातील टॉमस बँक्रॉफ्ट यांनी. प्रयोगासाठी पकडलेले डास लवकर मरतात, हा त्या काळच्या सर्वच संशोधकांचा अनुभव होता. बँक्रॉफ्ट यांनी त्यांना केळी खायला दिली. डास आठवडेच्या आठवडे जगले. मग असे दिसून आले की हत्तीरोगाच्या कृमींची डासाच्या शरीरातील वाढ पूर्ण व्हायला सोळा-सतरा दिवस लागतात, आणि डास तेवढे दिवस जिवंत असतो. हे निरीक्षण त्यांनी १८९९ साली प्रसिद्ध केले. त्यांनी पाठवलेल्या डासांचे सूक्ष्म छेद घेऊन जॉर्ज लो यांनी १९०० साली लंडनमध्ये त्या डासांच्या सोंडेतच कृमी पाहिले; त्याच वर्षी भारतात त्रावणकोर येथे सिडनी प्राइस जेम्स यांचेही निरीक्षण तसेच आले. कृमी पाण्यात उतरत नाहीत, ते दंशावाटे पुढे जातात, हे सिद्ध झाले. मॅन्सन यांच्या हातून निसटलेला दुवा म्हणजे डासाचे आयुष्य, आणि ते आयुष्य पुरवले होते केळ्याच्या फोडीने. वसईच्या सुकेळ्यांची चव ठाऊक असलेल्या आमच्या मुलखाला या फळाचे हे शास्त्रीय पुण्यकर्म विशेष भावावे.

मधल्या काळात, २० ऑगस्ट १८९७ रोजी, रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी दिसल्या होत्या. रुग्णाचे रक्त पाजल्यानंतरचे हे चौथ्या दिवसाचे चित्र होते. पुढल्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना त्यांना हा परजीवी डासाच्या लाळग्रंथीपर्यंत पोचलेला आढळला. जठरापासून लाळग्रंथीपर्यंतच्या या प्रवासातच आमच्या विषयाचे मर्म आहे. माणसातील हिवतापाच्या परजीवीला, हवामान अनुकूल असेल तर, हा प्रवास पुरा करायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डासाच्या मापाने हे दिवस म्हणजे अर्ध्याहून अधिक आयुष्य. जी मादी त्याआधी मरते तिच्या दंशाने खाज सुटते, ताप येत नाही. रोग देते ती म्हातारी मादी.

रॉस यांनी मांडलेल्या गणिताला १९५० च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनल्ड यांनी जे रूप दिले, त्यात याच मुद्द्याला केंद्रस्थान मिळाले. एक साधे उदाहरण घेऊ. परजीवीला बारा दिवस लागतात असे धरा. रोज शंभरातील नव्वद डास जगत असतील, तर बारा दिवसांनी शंभरातील सुमारे अठ्ठावीस उरतात. रोज ऐंशी जगत असतील, तर उरतात केवळ सात. रोजच्या जगण्यात दहा टक्क्यांचा फरक, आणि रोग देऊ शकणाऱ्या डासांच्या संख्येत चौपट फरक. डीडीटीच्या फवारणीमागचे तर्कशास्त्र हेच होते : सर्व डास मारण्याची गरज नाही, त्यांना म्हातारे होऊ दिले नाही म्हणजे पुरे. आता हाच प्रश्न उलट बाजूने विचारता येतो. डासाला म्हातारा करते कोण? उत्तराचा एक भाग रक्त आहे, आणि एक भाग फूल.

आपल्या भागातील हिवतापाचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. शहरी हिवतापाचा भारतातील प्रमुख वाहक ॲनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास. त्याचे शास्त्रीय वर्णन विल्यम ग्लेन लिस्टन यांनी १९०१ साली केले ते वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर येथील निरीक्षणांवरून. (पुढे मुंबईत उंदराची पिसू आणि प्लेग यांचा संबंध उलगडण्याच्या कामात हेच लिस्टन अग्रभागी होते.) १९११ साली चार्ल्स बेंटले यांनी मुंबईतील हिवतापाच्या कारणांवरील आपला अहवाल सादर केला आणि या डासाचे घर दाखवून दिले : शहरातील विहिरी. विहिरी झाकाव्यात की बुजवाव्यात यावर मुंबईत मोठा वाद झाला, धार्मिक भावना दुखावल्या, तडजोडी झाल्या. पाण्याची कथा येथे अगदी ठळक आहे आणि ती खरीही आहे.

ठाणे-कल्याणची कथा याच पाण्याला लागून पुढे जाते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली, आणि १ मे १८५४ पासून ती खाडी ओलांडून कल्याणपर्यंत जाऊ लागली. भराव घालण्यासाठी माती उकरली की खड्डे राहतात, खड्ड्यांत पावसाचे पाणी राहते, आणि रेल्वे व ताप यांची सोबत त्या काळातील अधिकाऱ्यांच्या लिखाणात वारंवार येते. स्वातंत्र्यानंतर १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास उतरली आणि १९७६ साली ती पुन्हा चौसष्ट लाखांवर गेली. ग्रामीण घरांच्या भिंतींवर डीडीटी मारून शहरातील टाक्यांमधील डास आटोक्यात येत नव्हता, म्हणून १९७१ पासून शहरांसाठी वेगळी योजना आली. तिचा भर होता अळ्या मारण्यावर, म्हणजे पुन्हा पाण्यावरच.

याच दशकांत ठाणे, कल्याण आणि डोंबिवली यांचे रूप पालटले. खाडीकाठची खाचरे आणि मिठागरे भरली गेली, डोंबिवलीत औद्योगिक वसाहत आली, ठाण्याला १९८२ साली आणि कल्याणला १९८३ साली महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या अठरा लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची बारा लाखांवर गेली होती. इमारतींवरच्या टाक्या, बांधकामावरील हौद, तळघरांत साचलेले पाणी यांनी स्टीफेन्सीला विहिरींची उणीव भासू दिली नाही. नाल्यांनी आणि शौचालयांच्या टाक्यांनी हत्तीरोगाच्या वाहकाला, क्यूलेक्सला, पोसले. हे सारे सांगून झाल्यावर इतिहासकार सहसा थांबतो. पण याच शहरीकरणाने एक वनस्पतिसृष्टीही घडवली, तिची नोंद कोणत्या प्रकरणात करायची?

ही सृष्टी मुख्यतः परक्या भूमीतून आलेली आहे. विकायची राहिलेली बिनशेती जमीन, रुळांच्या कडा, नाल्यांचे काठ, बांधकाम अडकलेले भूखंड अशा जागा ज्या झुडपांनी भरतात त्यांत घाणेरी आहे, गाजरगवत आहे, एरंड आहे. सोसायट्यांच्या आवारात टिकोमाची पिवळी फुले, पिवळी कण्हेर, बोगनवेल. घाणेरी आली अमेरिका खंडातून, शोभेचे झाड म्हणून. गाजरगवताची भारतातील ठळक नोंद झाली ती १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात, आणि अमेरिकी गव्हाबरोबर ते आले असा सार्वत्रिक समज आहे. ही नावे आम्ही सहज घेतलेली नाहीत. केनियातील संशोधकांना आफ्रिकेतील हिवतापवाहक ॲनॉफेलिस गँबिई डासाच्या आवडीच्या वनस्पतींत गाजरगवत, एरंड आणि टिकोमा आढळल्या. नैरोबीच्या कीटकशास्त्र संस्थेतील २०१५ च्या अभ्यासाने असे दाखवले की रक्त न मिळालेली मादी केवळ गाजरगवताच्या आधारे तग धरू शकते, आणि त्या गवतातील विषारी द्रव्य तिला फारसे बाधत नाही. मच्छरदाणीने रक्त नाकारले, तरी बाहेरचे तण भूक भागवते, असा याचा अर्थ होतो.

बुर्किना फासोतील २०१६ चा प्रयोग याहून सूक्ष्म आहे. तेथे हिवतापाचे परजीवी असलेले रक्त पाजलेल्या डासांना निरनिराळ्या वनस्पतींवर ठेवले. त्यांत पिवळी कण्हेर होती आणि आंब्याचे फळही होते. कोणत्या वनस्पतीचा रस मिळतो यावर किती डासांत रोग रुजतो, परजीवींची संख्या किती होते, त्यांना वाढायला किती दिवस लागतात, आणि खुद्द डास किती जगतो व किती अंडी घालतो, हे सारेच बदलले. म्हणजे वनस्पती डासाला केवळ इंधन देत नाही, त्याच्या पोटातील परजीवीच्या भवितव्यातही ती हस्तक्षेप करते. काळा आजार पसरवणाऱ्या वालुमाशीच्या कुळातही असाच अनुभव आहे : इस्रायलमधील संशोधकांना बोगनवेल आणि एरंड यांवर पोसलेल्या वालुमाश्यांचे आयुष्य घटलेले दिसले. जो एरंड आफ्रिकेतील डासाला मानवतो तोच वालुमाशीला मारक ठरतो. एकच झाड एका रोगाचा मित्र आणि दुसऱ्याचा शत्रू असू शकते.

मग निष्कर्ष काय काढावा? येथे घाई करणारा माणूस कोयता उचलील. तशी उदाहरणेही आहेत. मालीमध्ये काही गावांतून वेड्या बाभळीच्या फुललेल्या फांद्या तोडल्या, तेव्हा सापळ्यात येणारे डास निम्म्याहून कमी झाले आणि म्हाताऱ्या माद्यांचे प्रमाण घसरले. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. इस्रायलमधील दोन मरूद्यानांची २०११ साली तुलना झाली, तेव्हा जेथे फुललेली बाभूळवर्गीय झाडे होती तेथील डासांची हिवताप पसरवण्याची क्षमता कितीतरी पटींनी अधिक भरली. परंतु दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच गंभीर आहे. अमेरिकेतील एका प्रयोगशाळेत २००१ साली असे आढळले की साखर मिळाली नाही तर गँबिई मादी रक्तासाठी अधिक वेळा चावते, आणि माणसे हाताशी असतील तर तिची रोग देण्याची शक्ती वाढूही शकते. गोड आमिषात विष घालून डास मारण्याच्या पद्धतीने मालीत मोठी आशा दाखवली होती. झांबियातील विस्तृत चाचणीत तिचा स्पष्ट लाभ सिद्ध झाला नाही. वाळवंटाच्या काठी, जेथे फूल हीच दुर्मीळ वस्तू, तेथील हिशेब कोकणाच्या पावसाळी हिरवाईला जसाच्या तसा लागू करणे हे शास्त्र नव्हे.

ठाण्याच्या तलावांभोवतीची झाडे, येऊरचे रान, खाडीतील तिवर यांवर 'डासांचे आश्रयस्थान' असा शिक्का मारून जमीन मोकळी करू पाहणाऱ्यांची आपल्या शहरांत वाण नाही. म्हणून हे स्पष्ट म्हटले पाहिजे की वरील पुराव्यातून वृक्षतोडीचे समर्थन निघत नाही. त्यातून निघते ती वेगळी गोष्ट. गाजरगवत आणि घाणेरी यांचे रान माजते ते मालकी अडकून पडलेल्या, कोणाच्याच देखभालीत नसलेल्या जमिनीवर. याच जमिनीच्या कडेला बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या असतात. हौदात डासाचा जन्म, भूखंडावरील तणात त्याचा शिधा आणि उघड्यावर झोपलेल्या मजुराच्या अंगावर त्याचे रक्तपान, अशा तिन्ही सोयी तेथे शंभर पावलांत मिळतात. पाण्याच्या इतिहासाने आपल्याला हौद दाखवला. रक्ताच्या इतिहासाने मजूर दाखवला, बहुधा रोग आणणारा म्हणूनच. तिसरा धागा जोडला की पडीक जमिनीचा मालक आणि तिची व्यवस्था पाहणारी यंत्रणाही चित्रात येते. रोगाच्या इतिहासात कोणाला उत्तरदायी धरायचे, हा प्रश्न त्यामुळे बदलतो.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात लक्ष का घालावे, याचे उत्तर आमच्या मते येथेच आहे. 'रक्तपिपासू' या एका विशेषणाने डासाला खलनायक केले, आणि खलनायकाला दुसरे अन्न नसते. मॅन्सन यांची चूकही एका अर्थी कथनाचीच चूक होती. एकदा रक्त पिऊन मरणाऱ्या जीवाची कथा त्यांनी इतकी आधीच पूर्ण केली होती की त्याच्या उरलेल्या दिवसांचा प्रश्न त्यांना पडलाच नाही. बँक्रॉफ्ट यांनी तो प्रश्न विचारला, म्हणजे पात्राला दोन प्रसंगांच्या मधले आयुष्य बहाल केले. आज तोच स्टीफेन्सी, अचलपुरात नाव मिळालेला डास, २०१२ साली जिबूतीत आणि २०१६ साली इथिओपियात आढळला आहे आणि आफ्रिकेतील शहरे त्याच्या धास्तीने आपल्या टाक्या तपासत आहेत. त्यांना मुंबई, ठाणे, कल्याणचा शतकभराचा अनुभव उपयोगी पडेल. तो त्यांच्या हाती देताना विहिरी आणि टाक्यांच्या नोंदींबरोबर पडीक भूखंडांवरील फुलांची नोंदही दिली पाहिजे; आणि त्या नोंदीची सुरुवात पावसाळ्यानंतर आपल्याच स्थानकाबाहेरच्या मोकळ्या जागेत काय फुलले आहे, हे पाहण्यापासून होऊ शकते.